दातांच्या कण्या होण्याआधी

साठीच्या पुढचं माणूस खुर्चीत बसलं की तोंड उघडायला सांगण्याआधी मी विचारतो, ‘‘तुमचा चाळिशीतला एखादा हसरा फोटो आहे का घरी?’’ लग्नाचा उपयोगाचा नसतो. त्या काळी लग्नाच्या फोटोत नवरा-नवरी हसत नसत. मग मुलाचं बारसं, अष्टविनायकाची सहल, ऑफिसातला कुणाचा तरी निरोपसमारंभ असं काही सापडतं. फोटोत वरचे पटाशीचे दात ओठाखाली छान दिसत असतात. खुर्चीतल्या माणसाचे मात्र दिसत नाहीत. थोडा ओठही वयाने खाली उतरतो, हे खरं. पण बाकीचा हिशेब दातांचा असतो. ते पडलेले नसतात, झिजलेले असतात.

ही झीज साधारणपणे वर्षाला केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते, त्यामुळे ज्याची त्याला कळत नाही. ‘माझे दात झिजले’ अशी तक्रार घेऊन फार थोडे लोक येतात. भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय जात नाही, जेवताना सारखा गाल चावला जातो, ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडतात, पुढच्या दाताची कड जिभेला लागते, दोन वर्षांत तीनदा त्याच दाताचं सिमेंट पडलं, अशा तक्रारी असतात. आणि त्यामागोमाग ठरलेलं वाक्य येतं, ‘‘वय झालं, चालायचंच.’’

ते निम्मंच खरं आहे. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण त्यात एकही जिवंत पेशी नसल्याने गेलेलं एनॅमल परत येत नाही. सत्तर वर्षं वापरलेल्या दाढेचे उंचवटे थोडे सपाट होणारच. मात्र पुढचे दात निम्मे उरले असतील, दाढेच्या माथ्यावर पिवळ्या वाट्या पडल्या असतील, हिरडीलगत बोट अडकेल अशी खाच असेल, तर ते नुसतं वय नव्हे. त्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते शोधता येतं.

‘दुखत नाही ना, मग राहू द्या’ या युक्तिवादापासूनही सावध राहा. झीज हळूहळू होते तेव्हा दात आतल्या बाजूने नवा थर चढवत जातो आणि नस मागे सरकते. म्हणून कित्येकांचे दात निम्म्यावर येऊनही शिवशिवत नाहीत. पुढे कधी रूट कॅनाल करायची वेळ आली की तीच नस इतकी बारीक झालेली असते की सापडता सापडत नाही.

कारण शोधायचं तर झीज कुठे आहे ते आधी पाहावं. वरच्या आणि खालच्या दातांच्या कडा एकमेकींवर ठेवल्यावर चपखल बसत असतील, तर दातावर दात घासला जातो आहे. हिरडीजवळ बाहेरच्या बाजूने खाचा असतील, तर ब्रश आणि मंजन आठवावं. आपल्याकडे बूटपॉलिश केल्यासारखं आडवं घासायची सवय फार. वर मिश्री, राख, कोळसा, खरखरीत लाल मंजन. मिश्रीबद्दल वेगळं सांगतो, कारण ती ‘दात साफ करायची’ म्हणून घरोघरी निर्धास्त वापरली जाते. ती भाजलेली तंबाखू आहे. ती दात झिजवते, हिरडी मागे लोटते, आणि कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. सुपारीचंही तसंच. रोज कातरलेली सुपारी चघळणाऱ्या माणसाच्या दाढा जात्याच्या पाळीसारख्या गुळगुळीत होतात.

तिसरा प्रकार आंबटाचा. तोंडातल्या आम्लतेचं माप, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेलं की एनॅमल विरघळू लागतं. लिंबू, कोल्ड्रिंक, सोडा, व्हिनेगर हे सगळे त्याच्या कितीतरी खाली. सकाळी उठून कोमट पाण्यात लिंबू-मध घ्यायचं आणि लगेच ब्रश करायचा, हा पोट कमी करण्याचा लोकप्रिय कार्यक्रम दातांना दुहेरी मारतो, कारण आंबटाने मऊ पडलेला थर ब्रशने निघून जातो. लिंबू सोडवत नसेल तर एका दमात पिऊन टाका, साध्या पाण्याने चूळ भरा आणि ब्रश निदान अर्ध्या तासाने करा. आणि वरच्या पुढच्या दातांची झीज आतल्या, टाळूकडच्या बाजूने असेल, दात मागून काचेसारखे पातळ झाले असतील, तर आंबट बाहेरून नव्हे, पोटातून येतंय असं समजा. रात्री छातीत जळजळतं का, सकाळी तोंड आंबट असतं का, हे विचारल्यावर बरेच जण ‘‘हो, पण ते ॲसिडिटीचं आहे, दातांचं नाही’’ म्हणतात. ते दातांचंच असतं. अशा माणसाने आधी पोटाच्या डॉक्टरांना भेटावं. पित्त तसंच वर येत राहिलं तर केलेल्या कामाच्या कडेने दात पुन्हा विरघळत जातो.

आता पुन्हा पहिल्या प्रकाराकडे, दातावर दात घासण्याकडे. झोपेत दात खाणं हे फक्त लहान मुलांचं आणि जंतांचं, असा समज आहे. दोन्ही चूक. मोठी माणसं भरपूर दात खातात, आणि खाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. शेजारी झोपलेल्याला असतो. सकाळी जबडा जड वाटणं, कानशिलं ठणकणं, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटणं या खुणा. त्यामागे ताण असतो, नैराश्यावरची काही औषधं असतात. जोरात घोरणाऱ्यांत आणि झोपेत श्वास अडणाऱ्यांत हे प्रमाण जास्त दिसतं. म्हणून घोरणं, मध्येच दचकून उठणं, दिवसा पेंग येणं हेही असेल तर दातांच्या कामाआधी झोपेची तपासणी करून घ्या.

चौथं कारण माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: हरवलेली दाढ. सहाव्या वर्षी येणारी खालची पहिली कायमची दाढ दुधाची समजून पुष्कळांच्या आईबापांनी किडू दिली आणि काढून टाकली. त्या जागी कुणी काही बसवलं नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत मागची दाढ त्या खड्ड्यात कलते आणि वरची दाढ खाली उतरते. मग चावणं अडखळतं, माणूस एका बाजूने चावू लागतो, त्या बाजूच्या दाढाही जातात, आणि शेवटी सगळा भार पुढच्या दातांवर येतो. पुढचे दात तोडण्यासाठी आहेत, दळण्यासाठी नाहीत. त्यांच्याकडून दळण करून घेतलं की ते झिजतात, फाकतात किंवा मोडतात. लोक मात्र येतात ते पुढच्या दातांवर कॅप बसवायला. मागे आधार नसताना पुढे कॅप बसवणं म्हणजे खांब न देता तुळई रंगवणं.

उपचारांबद्दल मी एकच गोष्ट धरून चालतो. आधी झीज थांबवायची, मग भर घालायची, आणि भर घालताना जे परत फिरवता येईल ते आधी करायचं. दात एकदा कोरला की कोरला.

थांबवण्याचं काम स्वस्त आहे, म्हणून त्याला मान नाही. मऊ ब्रश, हलका हात. फ्लोराइड असलेली पेस्ट. ट्यूबवर छापलेलं असतं, १००० पीपीएमच्या आसपास. काही आयुर्वेदिक म्हणवणाऱ्या पेस्टमध्ये ते नसतंच, तेव्हा वाचून घ्या. ‘पांढरेशुभ्र दात’ आणि कोळशाच्या पेस्ट झिजलेल्या दातांना नकोत. दात शिवशिवत असतील तर पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन-तीन आठवडे नेमाने वापरल्याशिवाय ‘फरक पडत नाही’ म्हणू नका. आणि झीज फार नसेल तर दातांचं माप घेऊन ठेवायचं, वर्षाने पुन्हा घ्यायचं, दोन्ही शेजारी ठेवून पाहायची. झीज वाढलेली नसेल तर काहीच करायचं नाही. हाही उपचारच आहे, फक्त त्याचं बिल होत नाही.

दात खाणाऱ्यांसाठी नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं आवरण. तो आपल्या मापाने करून घेतलेला, कडक ॲक्रिलिकचा हवा. ऑनलाइन मिळणारे गरम पाण्यात बुडवून चावायचे मऊ रबरी गार्ड काही जणांना उलट जास्त चावायला लावतात. गार्डने सवय सुटत नाही. दाताऐवजी गार्ड झिजतो, एवढंच. म्हणून दोन-तीन वर्षांनी गार्ड खराब झाला तर पैसे वाया गेले असं समजू नका. उकळत्या पाण्यात धुऊ नका, वाकतो. घोरणाऱ्यांनी तो घेण्याआधी घोरण्याचं डॉक्टरांना सांगावं.

भर घालण्याचा सगळ्यात सौम्य मार्ग म्हणजे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, ज्याला लोक सिमेंट म्हणतात. निरोगी दात जवळजवळ कोरावाच लागत नाही. झिजलेल्या कडेवर थर चिकटवून दाताची उंची परत आणायची. ते अधूनमधून टवकतं, रंग बदलतं, काही वर्षांनी डागडुजी लागते. पण डागडुजी करता येते, आणि समजा नाही जमलं तर खाली दात आहे तसाच शिल्लक असतो. सत्तरीच्या माणसासाठी मला हा हिशेब बहुतेक वेळा पटतो.

इथे एका युक्तीची आधीच कल्पना देतो, नाहीतर माणसं घाबरून परत येतात. फक्त पुढचे दात झिजले असतील तर त्यांच्यावर भर घालायला वरच्या-खालच्या दातांत जागाच नसते. नॉर्वेतल्या ब्योर्न डाल यांनी १९७५ साली यावर तोड सुचवली. पुढच्या दातांना मुद्दाम उंच करायचं, मागच्या दाढा काही महिने एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. दाढा हळूहळू वर येतात, पुढचे दात किंचित आत जातात आणि चावा आपोआप जुळतो. साधारण सहा महिने लागतात, वयस्कर माणसाला जास्तही. त्या काळात मऊ खावं लागतं आणि ‘डॉक्टरांनी चावा बिघडवला’ असं वाटत राहतं. आधी सांगितलेलं असेल तर माणूस धीर धरतो. हिरड्यांचा पायोरिया असेल किंवा मागे दाढाच नसतील तर ही युक्ती उपयोगाची नाही.

कॅप केव्हा? दाताला तडा गेला असेल, मोठं सिमेंट पुन्हापुन्हा पडत असेल, रूट कॅनाल झालेली दाढ असेल तेव्हा. तड्याची खूण अशी की चावताना नाही, तर चावलेलं सोडताना झणकन कळ येते. कॅपसाठी दात सगळ्या बाजूंनी एक ते दोन मिलिमीटर कोरला जातो. आधीच आखूड झालेल्या दाताला पकड कमी, म्हणून कॅप निघून यायची भीती. कधी हिरडी थोडी कापून दात उघडा करावा लागतो. हल्ली झिर्कोनियाची चलती आहे. मजबूत आहे, पण तिला आरशासारखं पॉलिश हवं. खरखरीत राहिली तर समोरचा दात खाते. दात खाणाऱ्या माणसाच्या शेवटच्या दाढेला मी अजूनही साधी धातूची कॅप सुचवतो. ती दिसत नाही आणि फुटत नाही. लोक ‘नको, काळी दिसते’ म्हणतात. शेवटची दाढ कुणाला दाखवायची आहे, हा प्रश्न मी मनातच ठेवतो.

‘सगळ्या तोंडाच्या कॅपा’ हा सल्ला मिळाला तर मात्र थांबा. काही जणांना तो खरोखर लागतो: सगळेच दात निम्म्यावर आलेले, खाणं अशक्य झालेलं. पण त्यात चाव्याची उंची बदलायची असते, आणि नवी उंची तुमच्या जबड्याला मानवते का हे आधी काढता येणाऱ्या प्लेटवर किंवा तात्पुरत्या कॅपांवर काही आठवडे ते काही महिने तपासायला हवं. डॉक्टरांना सरळ विचारा: तात्पुरत्यावर मला किती दिवस ठेवणार? माझ्या दातांची झीज कशामुळे झाली? याहून कमी कोरून भागणार नाही का? ‘आठवड्यात सगळं करून देतो’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. या कामाचे तज्ज्ञ म्हणजे प्रोस्थोडॉन्टिस्ट. पाटीवर एमडीएस लिहिलेलं असतं, विषय कोणता ते विचारावं.

दाढा नसतील तर प्रत्येक जागा भरलीच पाहिजे असंही नाही. नेदरलँड्सच्या कायझर यांनी १९८१ मध्ये मांडलं की पुढचे दात आणि उपदाढा मिळून दहा जोड्या नीट टेकत असतील तर बऱ्याच वयस्कर माणसांचं जेवण व्यवस्थित चालतं. जपानने १९८९ पासून ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ अशी मोहीमच चालवली आणि २०१६ च्या पाहणीत तिथले निम्म्याहून थोडे जास्त ऐंशीचे लोक तिथवर पोचलेले आढळले. तेव्हा शेवटची दाढ नाही म्हणून झोप घालवू नका. पण एका बाजूला काहीच टेकत नसेल तर ती बाजू भरून घ्या. शेजारचे दात धडधाकट असताना ब्रिजसाठी ते कोरणं मला जिवावर येतं. काढता-घालता येणारी धातूच्या सांगाड्याची प्लेट बारीक बसते आणि ॲक्रिलिकपेक्षा टिकते. स्क्रूचे दात, म्हणजे इम्प्लांट, उत्तम. वय आड येत नाही, तंबाखू आणि न आवरलेली साखर आड येते. मात्र इम्प्लांटला खऱ्या दातासारखी खालची गादी नसते, त्याला जोर कळत नाही. म्हणून दात खाणाऱ्याने त्यावर नाइट गार्ड न घालता झोपू नये. कललेली दाढ तारांनी किंवा अलाइनरने सरळही करता येते, साठीतसुद्धा, फक्त आधी हिरड्या बऱ्या हव्यात आणि नंतर रिटेनर कायमचा.

कवळीही झिजते, हे लोकांना पटत नाही. ॲक्रिलिकचे दात गुळगुळीत होतात, खालचं हाड उतरत जातं, हनुवटी नाकाकडे येते आणि तोंड बोळकं दिसू लागतं. ओठांच्या कोपऱ्यांतल्या चिरा पुष्कळदा यातूनच येतात. मलम लावून भागत नाही. पाच-सात वर्षांनी कवळी दाखवा. आतून भर घालून भागलं तर नवी लागत नाही. खालची कवळी कधीच बसत नसेल तर हनुवटीच्या हाडात दोनच इम्प्लांट घालून त्यांच्या बटणांवर ती अडकवता येते. सगळ्या तोंडाला इम्प्लांट करण्यापेक्षा हे किती तरी स्वस्त, आणि फरक पहिल्याच जेवणात कळतो. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा.

साध्या सिमेंटनंतर किंवा कॅपनंतर चावा ‘उंच’ लागण्याची तक्रार रोजची आहे. डॉक्टर निळा कागद चावायला देतात तेव्हा तोंड बधिर असतं, माणूस आडवा असतो, आणि घरी जायची घाई असते. उठून ताठ बसा आणि पुन्हा चावून बघा. घरी गेल्यावर दोन दिवसांतही तोच दात आधी टेकत असेल तर परत जा. ‘सवय होईल’ म्हणून महिनाभर बसू नका. याउलट जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर, मानदुखीवर किंवा चक्कर येण्यावर सगळे दात घासून ‘चावा जुळवण्याचा’ इलाज कुणी सुचवला तर नको म्हणा. त्याने दुखणं बरं होतं असा भरवशाचा पुरावा नाही आणि घासलेलं परत येत नाही. शेक, मऊ खाणं, व्यायाम, गार्ड यांनी बहुतेकांचा सांधा शांत होतो.

काही गोष्टींत मात्र वाट पाहू नये. चावा थोड्या दिवसांत अचानक बदलला, जबड्यात गाठ किंवा बधिरपणा आला, तर लगेच दाखवा. जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की थांबतो, असं असेल तर दातांच्या नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. पन्नाशीनंतर चावताना जबडा थकून दुखू लागला, सोबत कानशील हुळहुळं झालं, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तो रक्तवाहिन्यांचा दाह असू शकतो, आणि त्यात डोळा जाऊ शकतो.

हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेत असाल तर दात काढण्याआधी सांगायलाच हवं, कारण क्वचित अशा माणसाच्या जबड्याचं हाड भरून येत नाही. गोळी लक्षात राहते. वर्षाचं इंजेक्शन लोक सांगायलाच विसरतात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या मनाने बंद करू नका. तोंड कोरडं पडत असेल तर तेही सांगा. कित्येक औषधांनी लाळ आटते, आणि लाळ नसली की आंबट धुतलं जात नाही.

खर्चाचं बोलायचं तर दातावर मारायला पैसा नाही म्हणून दातच सोडून द्यावे लागू नयेत. आरोग्य विमा सहसा दातांना धरत नाही. मुंबईत सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं महाविद्यालय: इथे शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. खेपा जास्त होतात, पैसे बरेच कमी लागतात, आणि घाई नसल्याने काम बहुधा नीट होतं. खाजगीतही सगळं एकदम करावं लागत नाही. या वर्षी गार्ड आणि कॉम्पोझिट, पुढच्या वर्षी मागची प्लेट, मग लागल्या तर दोन कॅपा, असा आराखडा लिहून मागा.

पहिल्या भेटीला जाताना तीन वस्तू पिशवीत घाला: तो जुना हसरा फोटो, चालू गोळ्या-इंजेक्शनांची यादी, आणि घरात पडलेली जुनी कवळी किंवा प्लेट असेल तर ती. मोडकी असली तरी आणा. तुमच्या चाव्याची आधीची उंची तिच्यावरून मोजता येते.